खड्डा उघडा आहे तोवर

सिमेंटच्या गोण्या दिसल्या की कुमुदताई वैद्यांच्या छातीत धडधडायला लागायचं. विटांचं त्यांना काही वाटत नसे. रेतीचा ढीग पडला तर त्या नुसत्या थांबून बघत. खडी आली की चालण्याचा वेग वाढे. पण ताडपत्रीखाली रचलेल्या गोण्या दिसल्या, की हातातली भाजीची पिशवी माझ्याकडे देऊन, "माईला सांगा, उशीर होईल," एवढंच म्हणत त्या समोरच्या प्लॉटकडे सुटायच्या. भाईंदरच्या खाऱ्या हवेत सिमेंट पडून राहिलं तर त्याचा दगड होतो, म्हणून कंत्राटदार ते सगळ्यात शेवटी आणतो. आणि ते आलं म्हणजे उद्या-परवा पायाचा खड्डा भरणार, हे गणित त्यांनी स्वतः बघून बघून बसवलं होतं. जेसल पार्कातल्या आम्हा बाकीच्या रहिवाशांना समोर इमारत उठली की वारा अडेल एवढीच काळजी. कुमुदताईंची काळजी जमिनीखाली होती.

त्या खेकडे शोधायच्या. दगड झालेले खेकडे.

आमच्या भागाची जमीन म्हणजे खाडीची उसनी. वर भराव, त्याखाली काळा चिखल आणि शिंपल्यांचा चुरा, आणि त्याच्याही खाली निळसर, चिकट, घट्ट माती. त्या मातीत कधी कधी बटाट्याएवढे गोटे सापडत. बरेचसे आतून नुसते गोटेच असत. एखादा मात्र फोडला की आत पाय पोटाशी घेऊन खेकडा बसलेला असायचा. इमारतीसाठी पाया खणल्याशिवाय त्या थरापर्यंत कुणी पोचत नाही आणि पाया भरला की पुन्हा कधीच पोचत नाही. मधले जे काही दिवस खड्डा उघडा असे, तेवढीच कुमुदताईंची मुदत.

"किती जुने असतील हो?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"काही हजार वर्षं तरी. नक्की कोण सांगणार? जन्मदाखला थोडाच आहे?"

त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडायच्या. अनोळखी माणसांच्या बोलण्यात शिरून "तीन मिनिटं झाली" असं सांगण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती, त्यामुळे जगातली कुठलीही चांगली गोष्ट फार वेळ चालू राहणार नाही, याची त्यांना पक्की खात्री होती. मी एखाद्या पुस्तकाबद्दल लांबण लावली, की त्या शांतपणे म्हणत, "तीन मिनिटं झाली. चालू ठेवायचं?" गिरगावातल्या दोन खोल्या सोडून त्या आईला घेऊन इथे आल्या, आमच्यासमोरच्या दारात. इमारतीतल्या बायकांनी लग्नाबद्दल विचारलं, तेव्हा गॅसचा नंबर लावायचा राहून गेला हे सांगावं तशा सुरात त्या म्हणाल्या, "राहून गेलं."

पहिला खेकडा मात्र त्यांना सापडला नाही, त्यांच्या आईला, माईंना, सापडला. आमची इमारत बांधली जात असताना फ्लॅट बुक केलेली मंडळी रविवारी बांधकाम बघायला यायची. बाकीचे भिंतींवर टिचक्या मारून बघत. कुमुदताईंनी बाहेर टाकलेल्या मातीच्या ढिगातून एक गोल दगड उचलला, खाडीच्या वाऱ्याने दार आपटू नये म्हणून. पुढे राहायला आल्यावर एके दिवशी माईंनी त्याच दगडाने सुंठ ठेचली. सुंठ तशीच राहिली, दगड दुभंगला. माई इतक्या जोरात ओरडल्या, की आम्ही दार उघडून धावलो.

"कुमे, अगं, ह्यात खेकडा बसलाय!"

कुमुदताई दोन्ही तुकडे हातात घेऊन पुन्हा पुन्हा जुळवून बघत होत्या. मग म्हणाल्या, "आपल्या घराच्या खाली होता हा. आणखीही असतील." आणि फरशीकडे अशा काही बघायला लागल्या, की माईंनी घाईघाईने तिथे सतरंजी टाकली.

त्यानंतर त्या खड्ड्यांत उतरायला लागल्या. साडी वर खोचलेली, अंगात वडिलांचा जुना शर्ट, पायात गमबूट, हातात घरातलं उलथणं आणि एक निवृत्त टूथब्रश. वर गॅलरीत माई जपमाळ घेऊन उभ्या. चिखलाच्या भिंती कधीही खचतात, हे त्यांना कुणीतरी सांगून ठेवलं होतं. "कुमे, वर ये!" ही हाक आमच्या गल्लीत दिवेलागणीइतकी नेमाची झाली. ती ऐकली की पुस्तकातलं पान उलटायचं राहून जायचं आणि मीही गॅलरीत जाऊन उभा राहायचो.

खोदकामाचे ठेके तेव्हा बहुतेक नवघर गावच्या मोरेश्वर पाटलांकडे असत. त्यांच्या घरच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मिठागरात काम केलेलं. बाई खड्ड्यात उतरलेली बघून त्यांना आधी धक्का बसला, मग करमणूक व्हायला लागली.

"बाय, ही चिंबोरी मेलेली हाय. हिचा रस्सा पन व्हनार न्हाय."

"ताज्या चिंबोरीचा रस्सा तुम्ही करा, मोरेश्वरदादा. शिळी मला द्या."

"शिळी? ही तर आमच्या आज्याच्या आज्याच्या टायमाची दिसतंय!"

"त्याच्याही आधीची."

"मंग भाडं घ्या तिच्याकडनं! इतकी वर्सं फुकट ऱ्हायली आमच्या जमिनीत."

कुमुदताईंचा खरा हंगाम पितृपक्षाचा. गणपती गेले, पाऊस ओसरला, की खणायला सुरुवात होई. पण पितृपक्ष लागला की पायाभरणी कुणी करत नसे. खणलेले खड्डे तसेच उघडे राहत, कडेला पाणी उपसायचा पंप घरघरत असे, आणि अमावस्या होईपर्यंत कंत्राटदार फिरकत नसे. अख्ख्या भाईंदरात पितृपक्षाची आतुरतेने वाट बघणारे दोनच, कावळे आणि कुमुदताई. या दिवसांत त्या ऑफिसात श्राद्धाची रजा टाकत, आणि एका वर्षी एकामागून एक इतक्या टाकल्या, की साहेबांनी विचारलं म्हणे, "तुमचे पूर्वज आहेत तरी किती?"

"खूप आहेत, सर," त्या म्हणाल्या. "अजून सापडतायत."

असेच गोटे साठत गेले. मग एकदा त्यांनी ठरवलं, की हे कुणा जाणत्या माणसाला दाखवायला हवं. मुंबईतल्या एका मोठ्या संस्थेत भूशास्त्राचे एक डॉक्टरसाहेब होते. मी बरोबर गेलो. दारावरच्या पाटीवर नावापेक्षा पदव्यांनी जास्त जागा अडवली होती. कुमुदताईंनी पोळ्यांच्या डब्यातून, फडक्यात गुंडाळलेला त्यांचा सगळ्यात देखणा खेकडा काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरसाहेबांनी तो भिंगाखाली फिरवून पाहिला आणि वयाने इतक्या लहान प्राण्याला जीवाश्म म्हणावं की नाही, यावर एक छोटं व्याख्यान दिलं. मग विचारलं, "कुठे होता हा?"

"चिखलाखालच्या निळ्या मातीत. माझ्या खांद्याइतक्या खोलीवर."

"हे तुम्ही सांगताय."

"मीच काढला, सर."

"तिथेच तर संपलं, बाई. जमिनीतून सुटलेला नमुना म्हणजे अनाथ मूल. त्याच्या वर काय होतं, खाली काय होतं, तो कसा बसला होता, हे जाणकाराने जागेवर बघायला लागतं. थरात बसलेला दाखवा, मी स्वतः येईन. मग त्याची नोंद होईल. नाहीतर काय, शोकेस भरा."

त्यांचा सूर मला आवडला नव्हता. जिना उतरताना मी तसं काही बोलायला लागलो, तर कुमुदताईंनी मला थांबवलं. "बरोबर आहे त्यांचं," त्या म्हणाल्या. "माझ्या शब्दावर लोक कलकत्ता-नागपूर बोलत होते. पण तिथे दोन्हीकडे माणसं होती. इथे एका टोकाला फक्त मी."

त्या दिवसापासून त्यांना आणखी खेकडे नको होते. एकच हवा होता. जमिनीतून न काढलेला, आणि ज्याच्या शब्दाला वजन आहे अशा माणसाने डोळ्यांनी पाहिलेला.

पुढच्याच पितृपक्षात तो सापडला. रसिकभाई म्हणून एक नवे बिल्डर आमच्या मागच्या प्लॉटवर आले होते. त्यांच्या खड्ड्याच्या भिंतीत, निळ्या मातीत एक गोटा अर्धा उघडा पडला होता आणि त्याच्या फुटक्या बाजूने खेकड्याची पाठ दिसत होती. कुमुदताईंनी त्याला बोटही लावलं नाही. ओलं पोतं झाकलं, त्यावर घमेलं टेकवलं आणि घरी येऊन थेट डॉक्टरसाहेबांना फोन लावला. त्यांना गुरुवारी वेळ होता. अमावस्या त्यानंतर होती. म्हणजे चिंता नव्हती. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुमुदताईंना खुर्चीला पाठ टेकून बसलेलं बघितलं.

बुधवारी संध्याकाळी मी परत येताना त्या प्लॉटवर ताडपत्री दिसली. वर गेलो आणि बेल दाबली.

"कुमुदताई, गोण्या आल्यात."

त्यांचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहिलं. "गोडाऊन भरलं असेल त्यांचं. पितृपक्षात कोण पाया भरतंय?"

गुरुवारी सकाळी डॉक्टरसाहेबांना घेऊन आम्ही स्टेशनवरून रिक्षाने आलो. वळणावरच मिक्सरचा आवाज ऐकू आला. खड्डा जवळजवळ भरला होता. घमेलं वर काढून ठेवलेलं होतं, नीट पालथं घालून.

रसिकभाई सज्जन माणूस. धावत पुढे आले. "अरे बेन, हम लोग जैन हैं. हमारे में पितृपक्ष का बंधन नहीं. पर्युषण में काम बंद रखा था, इसलिए तो लेट हो गया." मग कुमुदताईंचा चेहरा बघून त्यांनी हात जोडले. "एक बार बोल देतीं, बेन. दो दिन रुक जाता मैं. दो दिन का क्या है?"

हेच सगळ्यात वाईट होतं. जिथे थांबायची काही सोय नसे, तिथे त्या मोरेश्वरदादांच्या हातापाया पडून तासभर मागून घ्यायच्या. इथे सगळ्यांचे पितर आपल्यासाठी खड्डा राखून बसलेत असं त्या धरून चालल्या, आणि तोंड उघडलं नाही.

डॉक्टरसाहेबांनी आपल्या बुटांकडे पाहिलं, बाहेर टाकलेल्या मातीच्या ढिगाकडे पाहिलं, आणि ढिगातल्या मातीला अर्थ नसतो, असं सांगितलं. रसिकभाईंनी त्यांना चहा पाजला. चहा घेताना त्यांनी इथे वन रूम किचन कितीला जातो, याची बारकाईने चौकशी केली. निघताना कुमुदताई त्यांना म्हणाल्या, "सॉरी, सर. लाइन तुटली."

"पुन्हा सापडला तर कळवा," ते म्हणाले.

पण पुन्हा सापडायला खड्डे कुठे राहिले होते? नव्वदनंतर सगळंच बदलत गेलं. प्लॉटभोवती पत्रे लागले, पत्र्याला दार आलं, दाराशी वॉचमन आला आणि वॉचमनला "अंदर जाना मना है" एवढं एकच वाक्य शिकवलेलं असे. इमारती उंच झाल्या तसे उघडे पाये गेले आणि पायलिंगची यंत्रं आली. ती जमिनीत सरळ भोक पाडायची आणि खालची माती पिठल्यासारखी वर ओकायची. त्यात खेकडा असला तरी त्याची चटणी झालेली. मोरेश्वर पाटलांनीही जमीन विकून, वर कर्ज काढून खोदायचं यंत्र घेतलं. "दादा, ह्याने जरा हळू खणता येतं का?" असं कुमुदताईंनी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "बाय, हप्ता हळू जात न्हाय, मंग यंत्र कसं हळू जानार?"

भरावही बदलला. मुंबईत पाडलेल्या चाळींचा राडारोडा ट्रकने येऊन आमच्याकडच्या खाडीकाठच्या खाजणात पडायला लागला. एका संध्याकाळी कुमुदताईंनी मला लाल-पांढऱ्या नक्षीच्या फरशीचा तुकडा दाखवला. "आमच्या चाळीच्या जिन्याला अशीच होती," त्या म्हणाल्या.

"तुमच्याच चाळीची?"

"ते कसं सांगणार?" त्यांनी तुकडा पुसून खिडकीत ठेवला. "जागेवरून सुटलीय ना."

तिकडे एसटीडीचे बूथ जागोजागी झाले आणि ट्रंक कॉल लावणारी माणसं संपली. त्यांना तक्रार विभागात बसवलं. फोन बंद आहे अशी तक्रार लोक शेजारच्या फोनवरून करत, आणि ती लिहून घ्यायचं काम त्यांच्याकडे होतं. त्या कधी कुरकुरल्या नाहीत. फक्त वेळी-अवेळी आमची बेल वाजवायच्या. "हाटकेशला एका गाळ्याचं काम निघालंय. हाताने खणतायत म्हणे. येताय?" मी चप्पल घालायचो. आम्ही पोचेपर्यंत खड्डा भरलेला असायचा, किंवा पाण्याने तुडुंब, किंवा मुळात नसायचाच. परतताना त्या रिक्षातून दोन्ही बाजूंना बघत असत. हळूहळू मलाही ती सवय लागली. ऑफिसला जाताना मी परक्या ताडपत्र्या वाकून बघायला लागलो, आणि खाली गोण्या दिसल्या की माझीही पावलं उगाच भरभर पडायची.

माई गेल्या त्या वर्षी कुमुदताईंनी पलंगाखालच्या, खेकड्यांनी भरलेल्या आंब्याच्या पेट्या बाहेर काढल्या. एका संग्रहालयाने, जागेचा खात्रीलायक पुरावा नसल्याने, त्या नम्रपणे नाकारल्या होत्या. मला वाटलं, आपण काहीतरी सुचवावं. "खाडीत नेऊन चिखलात परत पुरून टाका," मी म्हटलं. "त्यांच्या घरी जातील."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी बनावट नोटा छापायला सुचवलं होतं. "आणि पुढे कुणी खणलं म्हणजे? वरच्या चिखलात सापडले म्हणून लिहून ठेवेल तो बिचारा. त्याला कोण सांगणार, की आमच्या शेजाऱ्यांना दया आली होती?"

मग आमच्या सोसायटीच्या टाकीचं निघालं. पाण्याची बोंब तर होतीच. नळाला येईल तेवढं साठवायला जागा नाही, म्हणून टँकर मागवावा लागे, आणि टँकर आला की बादल्यांवरून भांडणं. शेवटी आवारात जमिनीखाली मोठी टाकी बांधायचं ठरलं. सेक्रेटरी कामतांनी नारळ फोडून "ऐतिहासिक निर्णय" या विषयावर आम्हाला उन्हात उभं केलं. काम मोरेश्वर पाटलांना दिलं होतं, पण त्यांचं यंत्र आमच्या फाटकातून आत येईना. त्यामुळे माणसं कुदळी घेऊन उतरली आणि चक्क जुन्या पद्धतीचा, उघडा, खोल खड्डा आमच्या दारात तयार झाला. कुमुदताई रजा घेऊन जिन्याच्या पायरीवर बसून राहिल्या.  भिंत खचेल, पाणी भरेल, कुणाची तरी कुदळ नेमकी तिथेच बसेल. खडी आली. गोण्या आल्या.

ज्या सकाळी तळ भरायचा, त्या सकाळी त्यांनी बेल वाजवली. गमबूट चिखलाने भरले होते.

"चला," त्या म्हणाल्या. "जागेवर आहे."

"डॉक्टरसाहेबांना फोन?"

"लावला. रिटायर होऊन मुलीकडे गेलेत. अमेरिकेला." एवढं बोलून त्या जिना उतरायला लागल्या.

खाली मिक्सर येऊन उभा होता. कामत सफारीत तयार होते, आणि कुमुदताईंना बघताच त्यांनी हात वर केला. "वैद्यबाई, मला सगळं माहितीये. एक दिवससुद्धा देता येणार नाही. लोकांना पाणी नाही."

"एक दिवस कोण मागतंय, कामत? मिक्सरमधला माल तयार होईपर्यंतच. तुम्ही आधी उतरा."

"मी?"

"तुम्ही सेक्रेटरी ना?"

 सफारी सांभाळत कामत शिडीवरून उतरले, कुमुदताई म्हणाल्या तिथे उकिडवे बसले, आणि बराच वेळ बसूनच राहिले. वर आले तेव्हा त्यांचं भाषण कुठेतरी गेलं होतं. "दोन्ही नांग्या आहेत त्याला," एवढंच ते हळू आवाजात म्हणाले.

मग मी उतरलो. खड्ड्यात ओल्या मातीचा गार वास होता. तळापासून वीतभर उंचीवर, निळ्या मातीत, फुटलेल्या गोट्याच्या अर्ध्या भागात तो बसला होता. किंचित तिरका, एक नांगी पुढे. त्याच्या वर शिंपल्यांची बारीक रेघ सरळ गेली होती. घरातले इतके खेकडे मी हाताळले होते, पण ते सगळे पेपरवेटसारखे वाटायचे. हा कुठेतरी निघालेला दिसत होता.

"कुठे आहे?" वरून त्यांनी विचारलं.

"समोर. फाटकाकडच्या भिंतीत."

"वर काय आहे?"

"शिंपले. मग काळा चिखल."

"कुणी काढलाय का?"

"नाही. बसलाय."

"बघितलात?"

"बघितला."

मी वर आलो. "काढून घ्या ना," मी म्हटलं. "अजून वेळ आहे. उलथणं आणू का?"

"पुष्कळ आहेत घरी." त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. पुढच्या माणसाला शिडी धरून देत होत्या.

एकेक करून सगळी इमारत उतरली. तळमजल्यावरच्या मीनाबेन, वरच्या मजल्यावरचे कांबळे मास्तर, नाकाला पदर लावून माझी बायको. प्रत्येकाला तेच प्रश्न. कुठे, वर काय, काढलाय का, बघितलात का. कांबळे मास्तर त्या थराचं चित्र काढू लागले, तेव्हा मोरेश्वरदादा अस्वस्थ झाले. माल तयार होता आणि तयार माल थांबत नाही.

"बाय, टाकू का आता?"

कुमुदताईंनी एकदा खड्ड्यात पाहिलं, एकदा मिक्सरकडे.  "टाका," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात फाटकाबाहेर पाण्याचा टँकर येऊन थांबला. इथली गर्दी बघून ड्रायव्हर खाली उतरला. नवी टाकी झाली की आमच्याकडची त्याची फेरी बंद होणार, हे त्याला माहीत होतं. तो काठाशी येऊन वाकला. "अंदर क्या है?"

"नीचे जाके देखो," कुमुदताई म्हणाल्या. "जल्दी."

तो चपला काढून शिडी उतरला. मोरेश्वरदादांच्या माणसाने मिक्सरचं तोंड कलतं केलं होतं. कुमुदताई खड्डा आणि मिक्सर यांच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या, दोन्ही हात आडवे पसरून, वडिलांच्या शर्टात.

"थांबा," त्या ओरडल्या. "अजून एक माणूस बघतोय!"